मागचा गडी

(शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी केलेलं भाषण. नातवानं मोबाईलवर घेतलं होतं, त्यावरून उतरवलं आहे.)



कमिटीनं पत्र दिलं त्यात विषय होता, 'दिंडीचा शंभर वर्षांचा इतिहास'. तो सकाळपासून जाणत्या लोकांनी सांगितला, आमच्यापेक्षा बरा सांगितला. आमचं शिक्षण चौथी. चौथीच्या पुढं शाळा नव्हती असं नाही, घरी बैल होते आणि बैलामागं माणूस नव्हता. म्हणून आम्ही तारखा-वारखा सांगत बसत नाही. एकच गोष्ट सांगतो. दिंडीत कोण कुठं चालते, कोणी कोणाचं ऐकायचं, वही कोणापाशी राह्यते, हे एकदा ठरलं की दिंडी पुढं कशी वागंल तेही ठरून जाते. मग माणसं कशीही असोत. हे आम्हाला पोथीतून समजलं नाही. माळशिरसच्या तळावर समजलं, आणि मान खाली घालून समजलं. ते पुढं येते.

आधी तिफणीचं सांगतो. इथं बसलेल्यांपैकी अर्ध्यांनी चाड्यावर मूठ धरली आहे. वाढई तिफण बनवते तेव्हा दोन फणांत अंतर किती ठेवायचं ते तो ठरवते. पेरणारा मग कितीही पुण्यवान असो, कितीही रामनाम घेत पेरो, तास त्याच अंतरावर उगवते. पुढं डवराही त्याच मापाचा लागते, नाहीतर चांगलं पीक कापून जाते. तीन महिन्यांनी आपण बांधावर उभं राहून म्हणतो, दाटी झाली, यंदा पेरणाऱ्याचा हात बिघडला. हात नाही बिघडला बाप्पा. वाढयाकडं फण ठोकले तेव्हाच दाटी झाली होती.

आता दिंडी पाहा. आमच्या आजाच्या काळात लोक इथून पायी निघत. कौंडण्यपूर आपल्याला जवळ, वर्धा नदीच्या पलीकडं. रुक्मिणीमायचं माहेर. तिथली पालखी १५९४ पासून पंढरीला जाते असं सांगतात. आपले लोक तिच्या संगतीनं जात. मग काही कारणानं, ते कारण आज सांगण्याजोगं नाही, आपली दिंडी आळंदीला जाऊन माउलींच्या रथामागं चालायला लागली. आम्ही पहिल्या वारीला गेलो तेव्हा तसंच होतं.

त्या वेळची मांडणी अशी. सर्वांत पुढं पताकावाले. मग टाळकऱ्यांच्या रांगा, मधात मृदंग. त्यांच्या मागं विणेकरी बुवा. त्यांच्या मागं तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया, पाण्याचा हंडा घेतलेली एखादी. आणि सगळ्यांत शेवटी एक माणूस. त्याला आम्ही मागचा गडी म्हणत होतो. त्याच्या खांद्याला एक झोळी, झोळीत हळद, चिंध्या, गुळाचे खडे, ओव्याची पुडी. त्याचं काम एकच. आपल्यापैकी कोणी त्याच्या मागं राहता कामा नये.

कधी ध्यानात आलं का तुमच्या, की विणेकरी बुवा मालक असून पुढं चालत नाही? तो टाळकऱ्यांच्या मागं असते. म्हणून त्याला सगळ्यांची पाठ दिसते, कोण लंगडते, कोणाच्या टाळाची दोरी तुटली ते दिसते. आणि कोणता अभंग घ्यायचा यावर भांडण नाही, कारण वाराचे अभंग ठरलेले. सोमवारी सोमवारचे, मंगळवारी मंगळवारचे. ज्यावर भांडण होऊ शकते ते जुन्या लोकांनी आधीच ठरवून टाकलं, आणि जे रोज नवं असते, म्हणजे माणसाचे पाय, त्यावर एक माणूस नेमून ठेवला. असं होतं ते.

मग हे बदललं काउन? कोणी वाईट माणसानं बदलवलं नाही. कारण खरं होतं. दिंडीचा पैसा, भांडी, तंबू सगळं एका घरी राहत होतं. त्या घरचा म्हातारा देवमाणूस. तो होता तोवर पैचा घोळ नाही. तो गेला आणि तेराव्यानंतर पोरं म्हणाली, मोठी पातेली तर आमच्या बापानं घेतली. आता दिंडीपाशी कागद कुठं होता? दिंडी कधी कागदावर होतीच नाही. दोन पातेली आणि एक तंबू गेला, वीणा तेवढी परत मिळाली, तीही म्हाताऱ्याच्या बायकोनं पोरांना शिव्या देऊन काढून दिली म्हणून. तेव्हा चार शिकलेल्या लोकांनी म्हटलं, नोंदणी करा. बरोबर म्हटलं. आजही कोणी विचारलं तर आम्ही नोंदणी करा असंच सांगू. विश्वासू माणसाच्या भरवशावर संस्था ठेवली की ती त्या माणसाइतकीच जगते.

वकिलाकडं गेलो. १८६० चा सोसायटी नोंदणीचा कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा, दोन्हीचे कागद त्यानं केले. पहिल्या कायद्यात कमीत कमी सात माणसं लागतात. म्हणून आपले सात झाले. कामं सात होती म्हणून सात नाही झाले, हे ध्यानात घ्या. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष आणि दोन सदस्य. घटना म्हणून जे कागद दिले ते कोण्या तरी शाळा चालवणाऱ्या संस्थेचे होते, वरचं नाव तेवढं बदलवलं होतं. एका कलमात 'विद्यार्थ्यांची सर्वांगीण प्रगती' तसंच राहून गेलं होतं. आम्ही सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या. आम्ही अध्यक्ष झालो. शाल मिळाली, नारळ मिळाला, आम्हाला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं.

आता मजा पाहा. त्या कागदात कोषाध्यक्ष होता, म्हणून पैशाचा हिशोब रुपयापर्यंत लागायला लागला. सचिव होता, म्हणून इतिवृत्ताची वही भरायला लागली. ज्याला पद मिळालं ते काम झालं. मागच्या गड्याला पद नव्हतं. कोणी त्याला काढलं नाही, कोणी ठराव केला नाही. जुना गडी म्हातारा होऊन घरी बसला आणि त्याच्या जागी कोणाला नेमायचं हे कोणाच्याच कामात लिहिलं नव्हतं. एवढंच झालं.

दुसरं असं झालं, की आधी रात्री कीर्तनानंतर तळावर सगळे गोल बसत, बाया एका बाजूला, गडी एका बाजूला, आणि उद्याचं ठरत होतं. आता ते बैठकीत ठरायला लागलं. बैठक गावात, वारीच्या महिनाभर आधी, एका हॉलमध्ये, खुर्च्यांवर. सात माणसं, साती पुरुष. दिंडीत बाया निम्म्याहून जास्त. तक्रार असंल तर सचिवाकडं लेखी द्यावी असा नियम. वर्षाला दोन-तीन अर्ज येत, तेही तंबूतल्या जागेवरून. बायांचा एकही अर्ज कधी आला नाही. आम्ही अध्यक्ष म्हणून वार्षिक सभेत काय सांगितलं असंल? 'महिला वारकऱ्यांची एकही तक्रार नाही.' टाळ्या पडल्या.

आणि तिसरा ट्रक. ट्रक आला तो सोयीसाठीच आला. पण ट्रक पुढं जाऊन तळावर जागा धरते, तंबू ठोकते, मग अध्यक्ष-सचिवांना ट्रकासोबत पुढं जावं लागते. म्हणजे ज्यांच्या हातात कारभार, ते दिंडीच्या दोन-तीन कोस पुढं. मागं काय चाललं ते त्यांना दिसणार कसं? तरी आम्हाला वाटत होतं की आम्ही दिंडी चालवून राह्यलो.

आता माळशिरस.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. नातेपुत्याहून निघालो. त्या मजलेत सदाशिवनगरला, पुरंदवड्याच्या मैदानात, गोल रिंगण होते. घोडा धावला, लोक घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावले, दिंड्यांचे खेळ झाले. रिंगण सुटलं की माणसाचा पूर येते, ज्यांनी पाह्यलं त्यांना ठाऊक आहे. आपल्या दिंडीतली एक बुढी माय, तिचं नाव घेत नाही, तिचे नातू समोर बसले आहेत, तिला सकाळपासून ताप होता. रिंगण सुटल्यावर ती एका बाभळीखाली टेकली. म्हणाली असंल, दोन मिनिटं बसतो. दिंडी निघून गेली. तिच्या मागं चालणारं आपलं कोणी नव्हतं.

आम्ही तेव्हा कुठं होतो? माळशिरसच्या तळावर, ट्रकापाशी. बाजूच्या दिंडीवाल्यांनी आपल्या जागेत खुंटी ठोकली म्हणून आम्ही त्यांच्याशी भांडत होतो. अध्यक्ष ना.

इथं थोडं थांबून माउलींच्या सोहळ्याची रीत सांगावी लागते, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली. तुकोबांच्या पादुका देहूहून आळंदीला, तिथून ज्ञानोबांच्या पादुका संगती घेऊन पंढरीला. पुढं घराण्यात मानपानावरून वाद झाले. मग हैबतबाबा आरफळकर, हे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंद्यांच्या दरबारातले सरदार, त्यांनी १८३२ च्या सुमारास माउलींचा सोहळा वेगळा काढला. फौजेतला माणूस, त्यानं मांडणी फौजेसारखी केली. सकाळी तीन कर्णे वाजतात, पहिल्याला आवरायचं, तिसऱ्याला निघायचं. रथापुढं २७ दिंड्या, बाकीच्या रथामागं, प्रत्येकीला नंबर. आज कोणी कितीही श्रीमंत दिंडी आणली तरी तिला पैसे देऊन पुढचा नंबर मिळत नाही. घोडे बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे. मालकी हैबतबाबांच्या वंशजांकडं, काही काम आळंदी संस्थानाकडं, शिस्त चोपदारांकडं, आणि भजन दिंड्यांकडं. एकाच्या हातात सगळं नाही. लाखो लोक चालतात आणि तरी दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पालखी निघते, ती यामुळं.

पण आम्हाला सगळ्यांत मोठी वाटते ती समाजआरती. संध्याकाळी पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ वाजत राहतात. मधात चोपदार दंड उंच करते. दंड वर गेला की टाळ बंद, चिटपाखरू बोलत नाही. पण ज्या दिंडीची काही तक्रार आहे, तिनं टाळ बंद करायचा नाही. ती वाजवतच राहते. मग चोपदार चालत तिच्याकडं जाते, काय झालं विचारते, निवाडा करते. ते मिटल्याशिवाय आरती होत नाही. हरवल्या-सापडल्याचंही तिथंच सांगतात.

या रीतीत खुबी कुठं आहे ते आम्ही पुष्कळ विचार करून पाह्यलं. खुबी ही, की तक्रारीमुळं आरती अडते. लाखभर माणूस भुकेलं उभं आहे, माउली खोळंबली आहे, आता तक्रार ऐकल्याशिवाय इलाज नाही. आपल्या कमिटीत तक्रार सचिवाच्या पिशवीत जात होती आणि तिच्यामुळं काहीच अडत नव्हतं. ना जेवण, ना भजन, ना अध्यक्षाचा चहा. सचिव माणूस वाईट नव्हता. पण अडलंच नाही तर माणूस कशाला पाहते?

तर त्या दिवशी समाजआरतीला चोपदारांकडून सांगण्यात आलं, मागच्या एका दिंडीपाशी एक म्हातारी माय आहे, गाव आष्टी सांगते. आपले लोक उभेच. आष्टी म्हटलं की लोकांना बीड जिल्ह्यातली आठवते, गडचिरोलीकडंही एक आष्टी आहे. आपल्या पोरांना वाटलं बीडची असंल. मग दुसऱ्यांदा सांगितलं, माय म्हणते, शहिदायची आष्टी. तेव्हा आपल्या विणेकरी बुवांच्या हातातली वीणा थरथरली. १६ ऑगस्ट १९४२ ला या गावातल्या लोकांनी ठाण्यावर झेंडा लावायला जाऊन छातीवर गोळ्या घेतल्या, त्या नावावरून त्या मायनं आपला पत्ता सांगितला. आणि आपल्या दिंडीला आपलं माणूस कमी आहे हे चोपदाराच्या तोंडून समजलं.

तिला कोणी आणलं? आपल्या मागून पुष्कळ मागं चालणाऱ्या एका दिंडीच्या मागच्या गड्यानं. त्यांच्याकडं ते काम अजून होतं. दोघा पोरांच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी तिला तळापर्यंत आणलं, औषध दिलं, कढी-भात खाऊ घातला. आम्ही घ्यायला गेलो. आम्ही म्हटलं, माय, चुकी झाली. ती चिडली नाही. ती म्हणाली, "बुवा, मी पैशाच्या वहीत होती ना?" आम्ही म्हटलं, होती माय, भिशी भरली होती तू. ती म्हणाली, "मंग दुसरी वही नसंल तुमच्यापाशी."

खरंच नव्हती. भिशीच्या वहीत तिचे पैसे पहिल्या दिवशीच जमा होते, पावती फाटली होती, ऑडिटात ते बरोबर निघाले. माणूस मोजायची वही आपल्याकडं नव्हतीच.

त्या रात्री आम्हाला झोप नाही आली. आधी वाटलं, सचिवाला बोलावं. मग वाटलं, टाळकऱ्यांना बोलावं, तुम्ही मागं पाहत नाही काय. मग पहाटे तिफण आठवली. सातीच्या साती जण प्रामाणिक होते. कोणी पैसा खाल्ला नाही, कोणी काम चुकवलं नाही. ज्याचं जे काम लिहिलं होतं ते त्यानं केलं होतं.

पुढच्या वर्षी तीन गोष्टी केल्या. पहिली, मागचे गडी दोन, एक पुरुष आणि एक बाई. बाईच काउन? कारण बाईमाणूस आजारी पडली तर ती पुरुषाला सांगत नाही, लाजते, आणि मागं राहते. दुसरी, दहा-दहा माणसांचा गट, गटाला एक मुखिया, बायांच्या गटाची बाईच मुखिया. सकाळी निघताना, दुपारच्या विसाव्याला आणि तळावर, तीनदा मोजणी. सुरुवातीला लोक हसले, म्हणे मेंढरं आहोत काय. हसू द्या. मेंढपाळ मोजते म्हणूनच त्याचं मेंढरू लांडगा नेत नाही.

तिसरी गोष्ट समाजआरतीवरून घेतली. संध्याकाळच्या हरिपाठाआधी विणेकरी बुवा विचारतील, कोणाचं काही आहे काय. ज्याचं आहे त्यानं टाळ वाजवत ठेवायचा. ते ऐकल्याशिवाय हरिपाठ सुरू होणार नाही. पहिल्या दिवशी काय झालं माहीत आहे? बायांच्या बाजूचे टाळ थांबेचनात. दोन तास. पुरुष मंडळी जांभया देऊन राह्यली. अंघोळीला आडोसा नाही, पहाटे बाहेर जायला दिवा नाही, पंगतीत बाया शेवटी बसतात तोवर भाजी संपते, तंबूत बायांना दारापाशी झोपवता आणि रात्रभर लोक त्यांच्या पायावर पाय देऊन जातात. वर्षानुवर्षं 'एकही तक्रार नाही' असं सांगणारा अध्यक्ष तिथंच बसून होता. हरिपाठ त्या दिवशी रात्री दहाला झाला. दुसऱ्या दिवशी दीड तास लागला, आठवड्यानं पाच मिनिटं. भाजी पुरायला लागली होती.

आता कोणी म्हणंल, बुवा, वारीत हे सरकारी ऑफिस कशाला? सगळं पांडुरंग पाह्यते. असं म्हणणाऱ्याला आम्ही विचारतो, मग पताका पुढं आणि तुळस मागं हे कोणी ठरवलं? वाराचे अभंग कोणी ठरवले? नियम तर पहिल्यापासून आहेतच. ते कोणाकडं पाहून केले, एवढाच प्रश्न आहे.

फार लांब कशाला जा, आपल्या शेजारी पाहा. गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना लावून दिली. समोर अधिष्ठान असते, त्यावर कोणी बसत नाही. मोठा पुढारी आला तरी तो खाली रांगेत. पुढची जागाच रिकामी ठेवली, म्हणजे पुढं बसण्यावरून भांडण नाही. आणि गावच्या शाखेच्या माणसाला अध्यक्ष नाही म्हणत, सेवाधिकारी म्हणतात. नावानं काय होते असं लोक म्हणतात. आम्ही अध्यक्ष होतो, आम्हाला विचारा नावानं काय होते. अध्यक्ष म्हटलं की खुर्ची आपोआप मांडली जाते.

शेगावलाही तुम्ही जाता. श्री गजानन महाराज संस्थान १९०८ पासूनचं. तिथं झाडू मारणारा, पंगतीत वाढणारा, जोडे सांभाळणारा सेवाधारी ठरल्या दिवसांची पाळी करते आणि घरी जाते. दुसरा येते. कोणी मोठ्या दुकानाचा मालक असंल, कोणी मजूर असंल, पाळीत दोघं सारखे. पाळी संपते, म्हणून 'माझी जागा' असं कोणाला वाटत नाही. आपल्या कमिटीत काही जागा अशा आहेत की माणूस गेला तर पोरगा बसते. आम्ही कोणाचं नाव घेत नाही, ज्यानं त्यानं समजून घ्यावं. आमच्या घरचंही त्यात आलं.

आता आजच्या कामाचं बोलतो. आम्ही सांगितलेल्या त्या तीन रीती नऊ-दहा वर्षं चालल्या. पण आम्ही एक चूक केली. त्या घटनेत लिहिल्या नाहीत. तोंडी राह्यल्या. आम्ही उतरलो, नवी कमिटी आली, चांगली पोरं आहेत, शिकलेली. त्यांनी घटना वाचली, घटनेत मागचा गडी नाही, म्हणून मागच्या वर्षी नेमला नाही. त्यांचा काय दोष? लोणंदच्या मुक्कामाला एक आजोबा चुकले, चार तासांनी सापडले. बरं झालं, निभावलं. पोरं म्हणतात, व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे, त्यावर टाकलं की समजते. चांगलं आहे, ठेवा. लोकेशन पाठवता येते हे तर फारच चांगलं. पण ज्या आजोबांपाशी मोबाईल नव्हता ते त्या ग्रुपवर नव्हते, आणि ग्रुपचे अॅडमिन कोण आहेत ते पाह्यलं तर तेच सात.

शताब्दीच्या निमित्तानं घटना दुरुस्त करायची आहे, मसुदा तुमच्या हातात आहे. आम्ही नातवाकडून वाचून घेतला. त्यात नवीन काय आहे? स्वागताध्यक्ष आहे, प्रसिद्धीप्रमुख आहे, कायम निमंत्रित आहेत. ही पदं केली की ही कामं जोरात होतील, यात शंका नाही. स्वागत होईल, फोटो येतील. मागचा गडी मसुद्यातही नाही.

आमचं मागणं इतकंच. मागचे दोन गडी, त्यातली एक बाई, हे घटनेत पद म्हणून लिहा, आणि त्यांचं नाव अध्यक्षाच्या नावाच्या खालीच छापा. दहाच्या गटाचे मुखिये लिहा. हरिपाठाआधी विचारायचं, हेही लिहा. अध्यक्षानं ट्रकात बसू नये, ट्रकासोबत दुसरा माणूस द्यावा, अध्यक्षानं विणेकऱ्यामागं पायी चालावं. पाय दुखत असतील तर त्यानं अध्यक्ष होऊ नये, घरी राहून भजन करावं, त्यात कमीपणा नाही. आणि बाया घ्या कमिटीत. जागा नाही असं काल एकानं म्हटलं. कायदा कमीत कमी सात म्हणते, जास्तीत जास्त सात म्हणत नाही. नऊ करा, अकरा करा. ते 'विद्यार्थ्यांची सर्वांगीण प्रगती' पण आता काढून टाका, वीस वर्षं झाली.

हे सगळं केलं म्हणजे कोणी चुकणारच नाही असं आम्ही म्हणत नाही. रिंगणाची गर्दी तीच राहणार आहे. ती माय दोन वर्षांपूर्वी गेली, घरी, आपल्या बाजेवर गेली. माळशिरसनंतर तिनं पाच वाऱ्या केल्या आणि शेवटच्या दोन वाऱ्यांत तीच मागची गडी होती. तिच्या झोळीत हळद, गुळाचे खडे आणि एक वही होती. लिहिता येत नव्हतं, माणसामागं एक रेघ ओढत होती. ती वही तिच्या नातवांनी आज इथं आणून दिली आहे, मंडपात दानपेटीच्या बाजूला ठेवली आहे, पाहून घ्या.

सभा उद्या काल्यानंतर चार वाजता, मंदिराच्या मागं निंबाखाली. खुर्च्या मांडू नका, सतरंजी टाका. बायांनी स्वयंपाकाचं उरकून यायचं नाही, उद्या स्वयंपाक पुरुष मंडळी करणार आहेत, तसं आम्ही कमिटीकडून कबूल करून घेतलं आहे. पोळ्या जाड-बारीक होतील, चालवून घ्या. आणि आज संध्याकाळी हरिपाठाआधी विणेकरी बुवा विचारणार आहेत. ज्याचं काही असंल त्यानं टाळ थांबवू नये.

रामकृष्ण हरी.